कुणीही चालेल

ही घटना माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत घडलेली आहे. ऐकीव नाही. अर्धी घडली तेव्हा मी त्याच इमारतीत होते आणि उरलेली मावशीने मला एकदाच सांगितली. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा ती उठून निघून गेली.

ज्यांना हसायचंय त्यांनी खुशाल हसावं. मीसुद्धा पूर्वी असल्या गोष्टींना हसायचे.

तारीख ३१ ऑक्टोबर १९९९. वार रविवार. जागा, क्लीव्हलंडच्या पश्चिम भागातलं आमचं आयरिश केंद्र. पाटीवर 'सांस्कृतिक केंद्र' असं भारदस्त नाव आहे, पण आम्ही सगळे त्याला नुसतं 'हॉल' म्हणतो.

त्या दिवसाला सगळं जग हॅलोविन म्हणतं. आमच्या घरातली जुनी माणसं 'साउन' म्हणायची. त्या संध्याकाळी गेलेली माणसं आपापल्या घरी येऊन जातात, असं मानतात. म्हणून दाराला कडी लावत नाहीत. शेकोटीजवळ एक खुर्ची रिकामी ठेवतात. माझी आई दरवर्षी ठेवायची. आम्ही पोरं शाळेतून आल्यावर त्याच खुर्चीवर कोट फेकायचो आणि धपाटे खायचो.

मावशीचं नाव डिम्पना. तेव्हा तिने साठी ओलांडली होती. तिचा नवरा, आमचा फिन्टन काका, त्याच वर्षी फेब्रुवारीत गेला होता.

काका म्हणजे पोलादाच्या कारखान्यात आयुष्य घालवलेला माणूस. एका यंत्राने त्याच्या डाव्या हाताची अर्धी करंगळी खाल्ली होती. डावा गुडघाही कामातून गेलेला. पण नाचायला उभा राहिला की बघत राहावं! आमच्या नाचात टाचा लाकडी जमिनीवर वाजवतात. काका प्रत्येक आवर्तनाच्या शेवटी तीन ठोके द्यायचा. दोन वेळेवर पडायचे, आणि गुडघ्यामुळे तिसरा जरा उशिरा.

टाक्... टाक्...

...टप.

डोळे मिटूनही कळायचं, हा फिन्टन आहे.

त्या नाचाबद्दल दोन शब्द सांगायला हवेत, नाहीतर पुढचं कळणार नाही. त्याला सेट म्हणतात. चार जोड्या, चार बाजू, मधे मोकळा चौक. आठ म्हणजे आठ. एखादा कमी असला तरी नाच अडत नाही, पण मग त्याच्या जोडीदाराला हवेत हात धरून नाचावं लागतं. हवेतल्या त्या जोडीदाराला आम्ही गमतीने 'भूत' म्हणतो. "आज माझ्या वाट्याला भूत आलं गं," असं आमच्या बायका सर्रास म्हणतात. कुणाला त्याचं काही वाटत नाही.

आणि रीत अशी आहे की माणूस कमी पडला तर बोट वर करायचं आणि ओरडायचं, "एक गडी हवा!" मग कडेला बसलेलं कुणीतरी उठून येतं. न बोलावता कुणी घुसत नाही. सेट भरला की भरला. मग राजा आला तरी त्याने कडेला उभं राहायचं.

शेवटच्या सेटची गंमत आणखी वेगळी. तो ज्याच्याबरोबर नाचाल, तो तुम्हाला घरापर्यंत सोडायला येतो. हल्ली गाड्या आल्या, पोरं ऐकत नाहीत. पण मावशीचं आणि काकाचं लग्न तसंच जमलं होतं. एका शेवटच्या सेटनंतर तो तिला सोडायला गेला आणि मावशीच्या शब्दांत सांगायचं तर, "मेला परत गेलाच नाही."

फेब्रुवारीत काका हॉस्पिटलमध्ये होता तेव्हाचं बोलणं मावशीने मला सांगितलंय.

"साउनला येतो हं मी," तो म्हणाला. "पण घरी नाही येणार. घरी आलो तर तुझ्या हातचा उकडलेला कोबी खावा लागेल. हॉलमध्येच येतो."

"गप्प पडून राहा."

"शेवटच्या सेटला माझी जागा धरून ठेव. पण नावाने हाक मार. न बोलावता घुसणाऱ्यातला मी नाही."

"मार खाशील हं, फिन्टन."

दोन दिवसांनी तो गेला.

मावशी रडली, सावरली, सगळ्यांसारखं सगळं केलं. पण आतून तिने एकच गोष्ट धरून ठेवली होती. तिला त्याच्याबरोबर एकदा नाचायचं होतं. फक्त एकदा. बाकी देवाकडे काही मागणं नव्हतं.

त्या दिवशी सकाळपासून हॉलमध्ये नुसती झुंबड होती. आमच्याकडे शरद ऋतू म्हणजे एकामागोमाग एक कार्यक्रम. एका खोलीत ख्रिसमसच्या जत्रेसाठी विणलेले स्वेटर मांडून ठेवलेले. दुसऱ्या खोलीत थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला टर्की किती आणायच्या, यावर बायकांची जुंपलेली. मोठ्या दालनात पोरं सलगम कोरून कंदील करत होती. भोपळा कोरायला सोपा, पण आमच्या म्हाताऱ्या फेस्टसचा हट्ट, कंदील सलगमाचाच हवा. फेस्टस आमचा अकॉर्डियनवाला. सलगम दगडासारखा कडक, पोरांचे चमचे वाकत होते, आणि हा मधे बसून फुशारक्या मारत होता.

"आमच्या बेटावर आम्ही नखांनी कोरायचो!"

"म्हणूनच इकडे पळून आलात," एक कार्टं म्हणालं.

मावशी फेब्रुवारीनंतर पहिल्यांदाच हॉलमध्ये आली होती. तिने निळा ड्रेस घातला होता. काकाला आवडायचा तो. मला बरं वाटलं, आणि थोडी भीतीही वाटली, कारण तिचे डोळे सारखे दाराकडे जात होते.

चहाच्या वेळी मी ब्रॅक कापला. ब्रॅक म्हणजे मनुका घातलेला गोड पाव. साउनच्या ब्रॅकमध्ये एक अंगठी लपवतात. जिच्या तुकड्यात ती निघेल, तिचं वर्षाच्या आत लग्न.

निघाली मावशीच्या तुकड्यात.

"अगं बाई!" अट्रॅक्टा ओरडली. ही मावशीची लहानपणापासूनची मैत्रीण. तोंडाने फटकळ, मनाने लोणी. "पुढच्या साउनच्या आत बार उडणार! फेस्टस, दात घासून ये रे!"

"दात घरी पेल्यात आहेत," फेस्टस म्हणाला. "त्यांना विचारून सांगतो."

सगळे हसले. मावशीही हसली. अंगठी तिने मुठीत धरून ठेवली.

थोड्या वेळाने ती कपबशा ठेवायला आत गेली. पलीकडे कोठीच्या खोलीत दोघी-तिघी बोलत होत्या. त्यांना वाटलं, कुणी ऐकत नाही.

"डोकं ठिकाणावर नाही बिचारीचं. परवा दुकानात दोघांपुरते मासे घेतले म्हणे."

"दाराकडे बघितलंस कशी टक लावून बसलीय?"

"मुलगी असती तर घेऊन गेली असती. आता काय, एक दिवस..."

मावशीने कपबशा हळूच खाली ठेवल्या आणि बाहेर आली.

हे ऐकलं नसतं तर? मी आजही हाच विचार करते.

आमच्याकडे हिवाळ्यासाठी घड्याळं एक तास मागे घेतात. ती त्याच दिवशी घेतली होती, त्यामुळे साडेपाचलाच बाहेर काळोख. हॉलचं दार रस्त्याकडे उघडतं. बाहेर लाकडी ओसरी आणि तीन पायऱ्या. साउन म्हणून दार ओढून घेतलं नव्हतं. फटीत एक पेटता सलगम ठेवून ते किंचित उघडं ठेवलं होतं.

फेस्टसने जाहीर केलं, "शेवटचा सेट!"

मावशीचा जुना सेट नेहमीप्रमाणे दाराजवळ उभा राहिला. अट्रॅक्टा आणि तिचा नवरा मायल्स, समोर दोन जोड्या, आणि मावशी.

सात.

"डिम्पना, मी फेस्टसला उठवू का? वाजवायला टेप लावू," अट्रॅक्टा हळूच म्हणाली.

"नको."

"मग भुताबरोबर नाचतेस?"

"नको. मी हाक मारते."

मावशीने बोट वर केलं. दाराकडे तोंड केलं. मी तेव्हा स्वयंपाकघराच्या, हॉलमध्ये उघडणाऱ्या खिडकीत होते, तिथून मला ती नीट दिसत होती. तिचे ओठ हलले. काकाचं नाव अगदी जिभेवर होतं, असं तिने मला नंतर सांगितलं.

पण हॉल एकदम गप्प झाला होता.

सगळे तिच्याकडे बघत होते. कोठीतल्या त्या बायका चहाच्या टाकीपाशी उभ्या होत्या. अट्रॅक्टाचे डोळे भरून आले होते. सगळ्यांच्या तोंडावर तीच ती कीव. मावशीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मेलेल्या नवऱ्याला हाक मारली असती, तर उद्या अख्ख्या वस्तीत हेच बोलणं झालं असतं.

तिने नाव गिळलं. हसल्यासारखं केलं. आणि आम्ही नेहमी ओरडतो तसंच ओरडली.

"एक गडी हवा! कुणीही चालेल!"

हॉल खळखळून हसला. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. फेस्टसने अकॉर्डियन ओढला.

तेवढ्यात दारातला सलगम विझला.

वारा असेल. तलावावरून वारा येतोच आमच्याकडे. कुणी लक्ष दिलं नाही. दार मात्र हळूच आणखी उघडलं... एक माणूस आत येईल एवढं... आणि पुन्हा होतं तिथे आलं.

नाच सुरू झाला. पहिल्या भागात मावशीने हवेत हात धरले. उजवा हात पुढे, डावा एका नसलेल्या खांद्यावर. ती चांगली नाचत होती. मला रडू आलं.

मग माझ्या लक्षात आलं.

टाचांचा आवाज जास्त होता.

शेजारच्या सेटचा असेल, असं मी स्वतःला सांगितलं. पण शेजारचा सेट तेव्हा थांबून आपली पाळी बघत होता. मायल्सने नाचता नाचता एकदा खाली, मावशीच्या शेजारच्या रिकाम्या जमिनीकडे पाहिलं. मग पुन्हा पाहिलं. पुढे तो तिकडे बघायचंच टाळायला लागला.

दुसऱ्या भागात कुणीतरी मावशीचा हात धरला.

हवा नव्हती ती. हात होता. थंड, कोरडा, मोठा. पाठीवर दुसरा हात आला. ओल्या लोकरीचा वास आला. मावशी म्हणाली, त्या क्षणी तिला इतका आनंद झाला की पाय जमिनीवर आहेत की नाहीत तेच कळेना. आला! शब्दाला जागला! तिने डोळे मिटले. तो तिला फिरवत होता, चौकाच्या चारही बाजूंनी, आणि ती लग्नाआधीच्या डिम्पनासारखी फिरत होती.

इतकी वर्षं तिची एक सवय होती. नाचताना त्याच्या थोटक्या करंगळीवर आपलं बोट टेकवून ठेवायची. सवयीने तिचं बोट तिथे गेलं.

करंगळी होती.

अख्खी.

तिने पुन्हा चाचपलं. नख होतं. पेर होतं. पाचही बोटं धडधाकट होती.

मग तिने टाचांचे ठोके ऐकले. आतापर्यंत आनंदात ऐकलेच नव्हते. तीन ठोके, तिन्ही वेळेवर, तिन्ही सारखे. जड बुटांचे, खिळे मारलेल्या तळव्यांचे.

हा फिन्टन नव्हता.

मावशीने हात ओढला. सुटला नाही. पाठीवरचा हात तसाच. दुखवत नव्हता, सोडतही नव्हता. नाच चालूच होता. लोक टाळ्या वाजवत होते, कारण मावशी इतकी सुंदर कधी नाचलीच नव्हती!

आणि तेव्हा तिला बाहेरून आवाज आला. ओसरीवरून. दाराच्या अगदी पलीकडून.

टाक्... टाक्...

...टप.

थोडं थांबून पुन्हा.

टाक्... टाक्...

...टप.

काका आला होता.

आला होता, आणि ओसरीवर उभा होता. कारण त्याला कुणी नावाने हाक मारली नव्हती. कारण सेट भरला होता. आणि न बोलावता घुसणाऱ्यातला तो नव्हता.

तो आवाज मी ऐकला का? बऱ्याच जणांनी विचारलंय. मी ऐकला. मला वाटलं, उशिरा आलेलं कुणीतरी बुटांची माती झटकतंय.

संगीत थांबलं तसे ते हात सुटले. मावशी कुणाशी एक शब्द न बोलता कोट न घेताच दाराकडे धावली. मी तिच्या मागे कोट घेऊन गेले. ओसरी रिकामी होती. मावशी पायरीवर उभी राहून रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघत होती.

"मावशी, थांब, मी सोडते तुला."

"नको," ती म्हणाली. माझ्याकडे न बघता, दबक्या आवाजात. "शेवटचा सेट झालाय. सोबत आहे मला."

मला वाटलं, ती काकाबद्दल बोलतेय. मी तिला कोट घातला आणि जाऊ दिलं. मला भांडी घासायची होती.

इथून पुढचं मावशीने सांगितलेलं.

घर दोन गल्ल्यांवर. रस्ताभर पोरं पिशव्या घेऊन चॉकलेटं मागत हिंडत होती. चेटकिणी, सांगाडे, चादरी पांघरलेली भुतं. दारोदार दिवे, हसणं, ओरडणं. घाबरण्यासारखं काही नव्हतं. फक्त तिच्या डाव्या बाजूने, अगदी पावलाला पाऊल लावून, जड बूट चालत होते.

ती थांबली की थांबायचे.

ती चालली की चालायचे.

आणि रस्त्याच्या पलीकडच्या बाजूने, थोडं मागून...

टाक्... टाक्...

...टप.

तोही येत होता. अंतर ठेवून. बायको दुसऱ्या कुणाबरोबर घरी चाललीय, आणि हा आपला दुसऱ्या बाजूने, रीत सांभाळत.

एक गाडी हळू झाली. काच खाली आली. अट्रॅक्टा आणि मायल्स होते. मावशी म्हणते, तिला इतकं हायसं वाटलं की गाडीचं दार उघडायला तिने हात पुढे केला.

"आम्ही सोडणार होतो गं," अट्रॅक्टा हसत म्हणाली, "पण तुला सोबत आहे वाटतं! अंगठीचा गुण लगेच आला म्हणायचा. उंच आहे हो चांगला! कोण आहेत, ओळख तरी करून दे!"

मायल्स हसला नाही. त्याने गाडी पुढे काढली. अट्रॅक्टा काचेतून हात हलवत राहिली.

मावशीने डावीकडे पाहिलं. तिला कुणीही दिसलं नाही.

तेव्हा तिचा धीर सुटला. लोक काय म्हणतील, पोरं काय म्हणतील, कशाचं काही राहिलं नाही. हॉलमध्ये जे करायला हवं होतं ते तिने भर रस्त्यात केलं. पलीकडच्या बाजूला वळून, असेल नसेल तेवढा जोर लावून ओरडली.

"फिन्टन!"

पलीकडची पावलं थांबली.

पोरं थांबून बघायला लागली.

आणि तिच्या डाव्या कानाजवळून... अगदी जवळून... कुणीतरी ओ दिली.

"ओ."

काकाच्या आवाजात नाही. कुठल्याच ओळखीच्या आवाजात नाही. एखाद्याने नवं नाव पहिल्यांदाच वापरून बघावं, तसं.

"हो. आलो," तो म्हणाला.

मावशी उभीच राहिली. तिने पलीकडे कान दिला. पुन्हा एकदा ते तीन ठोके यावेत म्हणून, तिने सांगितलं, तिने जन्मात केली नसेल अशी प्रार्थना केली.

आले नाहीत.

"त्याने ऐकलं गं," मावशी मला म्हणाली. हे सांगतानाच काय ती रडली. "मी हाक मारली ते त्याने ऐकलं. आणि दुसऱ्या कुणीतरी ओ दिली, तेही ऐकलं. मग काय करणार? गेला तो परत."

बाकीचा रस्ता ती पळत गेली. घरात शिरली आणि दाराला कडी लावली. साउनच्या दिवशी आमच्यातलं कुणी कडी लावत नाही. "आत ये" असं ती म्हणाली नव्हती, एवढाच तिला आधार होता. बूट ओसरीवर येऊन थांबले. पोरांचा आवाज बंद होईपर्यंत तिथेच होते. ब्रॅकमधली अंगठी तिने मुठीत धरून आणली होती, असं तिला पक्कं आठवत होतं. मूठ उघडली तर रिकामी.

त्यानंतर मावशीने काकाचं नाव कधी उच्चारलं नाही.

एकदाही नाही. 'तुझा काका' म्हणायची, 'तो' म्हणायची. नोव्हेंबरमध्ये आमच्या चर्चमध्ये वर्षभरात गेलेल्यांची नावं मोठ्याने वाचतात. त्या वर्षी काकाचं नाव असणार होतं. मावशी स्वतः जाऊन सांगून आली, वाचू नका. अट्रॅक्टा खवळली. "इतकी वर्षं संसार केलास आणि एक नाव जड झालं?" असं तोंडावर बोलली. मावशीने ऐकून घेतलं. जिला नवऱ्याला एकदा हाक मारायची होती, तिला आता ती हाक मारायचीच चोरी झाली होती. याहून वाईट शिक्षा मी तरी बघितलेली नाही.

अंगठीचं म्हणाल तर वर्ष सरलं, लग्न वगैरे काही झालं नाही. मावशी पुढे सहा वर्षं जगली. दर साउनला माझ्याकडे येऊन बसायची. कडी लावायची, रेडिओ मोठ्याने लावायची. एकदा गाण्यांच्या मधे रेडिओ क्षणभर थांबला आणि माझ्या ओसरीवरची फळी वाजली. मावशीने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. मग पुढचं गाणं लागलं.

ती गेली २००६ च्या मार्चमध्ये. हॉस्पिटलमध्ये, भर दुपारी. खिडकीतून ऊन येत होतं. दोन दिवस ती शुद्धीवर नव्हती. मी खिडकीच्या बाजूला बसले होते, तिचं तोंड दाराकडे होतं.

एकदम ती म्हणाली, "दार उघडं आहे ना?"

उघडं होतं. मी म्हटलं, "हो, मावशी."

आणि बाहेरच्या लांबलचक पॅसेजमध्ये...

टाक्... टाक्...

...टप.

खोटं सांगत नाही, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मला भीती वाटलीच नाही. मनात म्हटलं, आला! बोलावलं नाही तरी आला, एकदाची मोडली त्याने रीत! पावलं दारापर्यंत आली. आत आली. पलंगापाशी थांबली. दिसलं मला काहीच नाही.

मावशीने उजवा हात उचलला. नाचायला उभी राहताना धरायची, तस्सा. तिची बोटं कशावर तरी मिटली.

मग मला ओल्या लोकरीचा वास आला.

मी बघत राहिले. मावशीचं एक बोट हळूहळू सरकत होतं. शोधत होतं. एका बोटावरून दुसऱ्यावर, तिथून पुढे... शेवटच्या बोटापर्यंत. तिथे ते थांबलं.

आणि तिची मूठ घट्ट आवळली गेली.

नखं पांढरी पडेपर्यंत. मग हात खाली आला.

तिचं तोंड दाराकडे होतं. मला दिसलं नाही. नर्स आली, तिने मावशीचे डोळे मिटले, चादर नीट केली. मी तिला विचारलं, मावशीचा चेहरा कसा होता? ती म्हणाली, "शांत होता." नर्स सगळ्यांबद्दल असंच सांगतात.

तिला ती थोटकी करंगळी सापडली का? की ज्याने आधी जागा घेतली, मग नाव घेतलं, तो एव्हाना ठोकेही शिकला होता? त्या मुठीने तिने हात घट्ट धरला होता, की सोडवायला बघत होती?

मला माहीत नाही. दिवसा वाटतं एक, आणि अंधार पडला की वाटतं दुसरं.

हॉलमधला साउनचा कार्यक्रम आता माझ्याकडे असतो. सलगम असतात, ब्रॅक असतो, शेवटचा सेट असतो. माणूस कमी पडला तर मी कडेला बसलेल्या कुणाला तरी नाव घेऊन, बोट दाखवून उठवते. 'कुणीही चालेल' असं कुणाला म्हणू देत नाही. नवी पोरं मला खडूस म्हणतात. म्हणू देत.

आणि एक सांगायचं राहिलं. हे लिहिताना काकाचं नाव कितीदा तरी लिहून झालं. मी ते एकदाही मोठ्याने वाचलेलं नाही.

तुम्हीही मनातच वाचलं असेल, अशी आशा आहे.